ओसरीचा खांब

आमच्या सांगलीत हल्ली आजोबांची नावं रोहित, निखिल आणि अमोल अशी असतात. सकाळी बागेत फिरायला गेलं की "काय रोहितराव, गुडघा काय म्हणतो?" हे कानावर पडतं आणि वाटतं, या नावाला गुडघेदुखी शोभत नाही. माझं नाव योगेश तगारे. जन्मभर विम्याचा एजंट होतो. समोरच्याला त्याच्या स्वतःच्या मरणाविषयी हसत हसत सांगायचं आणि त्याच्याच घरचा चहा पिऊन उठायचं, हा माझा धंदा. बोलण्यावर पोट होतं. निवृत्त झालो तेव्हा पोटही राहिलं आणि बोलणंही राहिलं.

माझी बायको वृषाली मिरजेच्या एका इस्पितळात एक्स-रे काढायची. सबंध नोकरीत तिनं तीनच वाक्यं उच्चारली: "श्वास घ्या. धरा. सोडा." निरोपसमारंभात तिला दोन शब्द बोलायला सांगितले, तेव्हा ती माईकसमोर उभी राहिली, तिनं श्वास घेतला, धरला, सोडला आणि जागेवर येऊन बसली. उरलेलं भाषण मी केलं. ते बरंच झालं.

आमच्या पिढीत बायका नवऱ्याला नावानं हाक मारतात. वृषाली मात्र 'अहो' म्हणते. त्यात आदराचा भाग नाही, 'योगेश'पेक्षा तो शब्द आखूड आहे.

समारंभ हे तिचं दुखणं. माणसं तिला आवडत नाहीत असं नाही, एकेकटी आवडतात. पण हॉल भरला, कुणी "ओळखलंस का मला?" म्हणून गालाला हात लावला, की तिच्या चेहऱ्यावरचा दिवा हळूहळू मंद व्हायचा. दुसऱ्या दिवशी ती पडदे ओढून अंधाऱ्या खोलीत पडून राही आणि नुसतं ताक घेई. अशा प्रत्येक ठिकाणी मी तिच्या वाटचं बोलायचो. माझी समजूत अशी होती की मी तिची छत्री आहे. या समजुतीवर आमचा संसार उत्तम चालला होता.

मग आमच्या मुलीचं, रेवाचं लग्न कोल्हापूरच्या इंगवल्यांकडे ठरलं. इंगवल्यांचा गोतावळा म्हणजे चुलते, मामा, त्यांचे मित्र आणि त्या मित्रांचे चुलते. सगळे बोलणारे. मला तर माहेर सापडल्यासारखं झालं. साखरपुड्याला विहीणबाई, म्हणजे रूपालीताई, वृषालीचा हात हातात घेऊन आपल्या घरातल्या प्रत्येक माणसाची ओळख करून देत होत्या. ओळखी निम्म्यावर आल्या आणि हातातला हात नाहीसा झाला. वृषाली शेवटी सापडली ती बाहेर गाडीत, काचा वर करून बसलेली. रूपालीताई तिथवर आल्या, काचेवर टकटक करून म्हणाल्या, "विहीणबाई, आमचं काय चुकलं असंल तर बोला की."

वृषाली बोलली नाही. बोलता येत असतं तर ती गाडीत कशाला बसली असती? मी बोललो, भरपूर बोललो, आणि त्यानं गैरसमज आणखी पक्का झाला.

घरी आल्यावर रेवानं विचारलं, "आई, तुला हे लग्न नको आहे का?" त्या प्रश्नानं वृषालीचा चेहरा जसा झाला, तसा तो कुठल्याही गर्दीनं झालेला मी पाहिला नव्हता. पुढे केळवणांची रांग होती, मग लग्न. लग्नात आईनं गाडीत बसून चालत नाही. सकाळी वृषाली म्हणाली, "मला ती ओसरी बसवून घ्यायची आहे."

ओसरी म्हणजे काय, ते सांगतो. मला ओसरी केंद्रातल्या अन्वी नावाच्या मुलीनं सांगितलं तसंच सांगतो.

माणसांत बसलं की आपला मेंदू सतत अंदाज बांधत असतो. समोरचा आता काय म्हणेल, त्यावर आपण काय म्हणायचं, हसायचं किती आणि थांबायचं केव्हा. बहुतेकांच्या मेंदूत हे काम मागच्या खोलीत आपोआप चालतं. पंखा फिरत असावा तसं, लक्षही जात नाही. काहींच्या मेंदूत मात्र तेच काम पुढच्या खोलीत चालतं, दिवे लावून, एकेक आकडा तपासत. अशी माणसं लाजरी नसतात, गर्विष्ठ तर नसतातच. ती फक्त दमतात. नाडीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बारकाईनं मोजलं की हा भार किती चढला ते कळतं.

दुसरा शोध त्याहून गमतीचा. दोन माणसं शेजारी बसली की त्यांचे श्वास आणि ठोके नकळत एकमेकांकडे सरकतात. पण कुणाचे कुणाकडे, ते सांगता येत नाही. नात्यावर ते ठरत नाही. एखाद्याची लय दुसऱ्याला अशी काही जुळते की त्याचा मेंदू म्हणतो, 'चला, राखणीला कुणीतरी आहे,' आणि अर्धे अंदाज सोडून देतो. ओसरी म्हणजे कानामागे चिकटवायचा एक मणी. ज्याची लय जुळली त्याची नाडी त्याच्या मनगटावरच्या घड्याळातून उचलायची आणि तिचे हलके हलके ठोके कानामागच्या नसेला द्यायचे. त्या माणसाला म्हणतात खांब. खांब त्याच हॉलमध्ये हवा, कारण घरी झोपलेल्या माणसाची लय गर्दीत उपयोगाची नाही. राखण करणारा चोरांच्या गावातच हवा. खांबाला त्रास काही होत नाही, पण त्याचं शरीर दोघांची राखण करत असल्यामुळे भूक फार लागते.

विश्रामबागेतल्या ओसरी केंद्रात गेलो तो मी खांब म्हणूनच गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून. अन्वीनं वृषालीच्या कानामागे मणी लावला आणि पडद्यावर एक माठ दिसू लागला. भार चढला की माठात पाणी चढतं. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो आणि अन्वीला तिच्या वयात विमा काढण्याचे फायदे सांगायला लागलो. पाणी चढलं. आमच्या लग्नातली एक गंमत सांगितली. पाणी आणखी चढलं.

"काका, आता जरा गप्प बसून बघू या," अन्वी म्हणाली.

मी गप्प बसलो. माठ काठोकाठ भरला. शेजारच्या पडद्यावर माझी नाडी उधळलेल्या खोंडासारखी पळत होती.

"काका, तुम्ही बोलता तेव्हा तुमची नाडी घड्याळासारखी चालते. गप्प बसलात की बिघडते. मी हे असं पहिल्यांदाच पाहतेय." मी ती स्तुती समजलो.

तेवढ्यात दार ढकलून केदार सबनीस आत आले. सबनीस आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, विधुर, एकटे. माझी गाडी दुरुस्तीला होती म्हणून तेच आम्हाला घेऊन आले होते. नोकरी भूजल खात्यात. विहिरीत टेप सोडायची, पाणी किती खोल आहे ते बघायचं आणि पुढच्या विहिरीकडे जायचं. पाण्याशी बोलावं लागत नाही. वृषालीचा चष्मा गाडीत राहिला होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि ते उभे राहिले. जायचं कसं हे न कळल्यामुळे ते नेहमीच जरा वेळ उभे राहतात.

माठातलं पाणी उतरायला लागलं. उतरत उतरत तळाशी गेलं.

"काका, तुम्ही बसता का थोडा वेळ?" अन्वीनं विचारलं. सबनीसांना नाही म्हणता येत नाही, त्यामुळे ते बसले. वृषालीनं एकदा पडद्याकडे पाहिलं. हाड मोडलेलं नसलं की ती फिल्मकडे तसं पाहायची.

मी म्हणालो, अरे वा. दोनदा म्हणालो. जाताना अन्वीनं मला विचारलं, तुमची लय पुढेमागे आणखी कुणाला जुळली तर तुमच्या घड्याळातून घेऊ द्यायची का? "खुशाल द्या," मी म्हणालो. "रक्त दिलंय, तिथे लयीचं काय एवढं?" त्या क्षणी कुणी मागितलं असतं तर मूत्रपिंडही दिलं असतं, फक्त वृषालीनं ते बघायला हवं होतं.

कुठलंही यंत्र आपल्याकडे आलं की प्रथम त्याचा मानपान ठरतो. ओसरी निघून दोन-तीन वर्षं झाली असतील नसतील, तोवर निमंत्रणपत्रिकांवर 'सहकुटुंब, सहपरिवार, सखांब' असं छापून यायला लागलं होतं. खांबाला पंगतीत मानकऱ्यांच्या ओळीत पाट. खांबाला शाल-नारळ. लय जुळल्याचं खांबाला कळवायचं काम केंद्राचं नाही. ज्याचं त्यानं शाल-नारळ घेऊन जायचं आणि तोंडानं सांगायचं, ही रीत. आमच्या नात्यातल्या एका लग्नात वरमाईचा खांब टॉवेल-टोपीवर भागवल्याबद्दल रुसून निघून गेला आणि तिनं मंडपातच डोळे मिटून घेतले, तेव्हापासून लोक फार जपून वागतात.

तर सबनीसांना शाल-नारळ द्यायला वृषाली स्वतः खाली गेली. काय बोलली ते मला कळलं नाही. फार वेळ लागला नाही, त्यामुळे काही बोलली नसावी. हे मला जास्त लागलं. न बोलता ज्यांचं भागतं, त्यांचं किती पुढे गेलेलं असेल!

पहिलं केळवण माझ्या आत्येबहिणीकडे, मिरजेला. तिनं इंगवल्यांनाही बोलावलं होतं. वृषाली रूपालीताईंच्या शेजारी बसली आणि पांढऱ्या रश्श्यात खसखस किती घालता, असं तिनं आपणहून विचारलं. रूपालीताई आधी चमकल्या आणि मग अशा काही सुटल्या की जेवणं होईपर्यंत रश्श्यातून बाहेर आल्या नाहीत. वृषाली ऐकत होती, मान डोलवत होती, मधेच एखादं नेमकं विचारत होती. मग इंगवल्यांच्या एका चुलत्यानं डॉक्टर आणि रेड्याचा विनोद सांगितला. वृषाली हसली. दात दिसतील इतकं हसली. तो विनोद मी तिला लग्न झाल्यापासून सांगत आलो आहे.

थोड्या अंतरावर सबनीस खाली मान घालून श्रीखंड खात होते. एप्रिलच्या उकाड्यात गळ्याभोवती, कानांवरून, माफलर. माफलर ते बारा महिने गुंडाळतात, पण पूर्वी निदान उन्हाळ्यात कान मोकळे ठेवायचे. त्यांनी श्रीखंड दोनदा मागून घेतलं. खांबाला भूक लागतेच. मीही दोनदा घेतलं, मग मसालेभात घेतला, मग आळूवड्यांचं ताट आमच्या बहिणीनं माझ्यासमोरून उचललं. माझं कारण वेगळं होतं. मत्सरानं माणूस वाळतो म्हणतात. मला भूक लागत होती.

घरी येताना मी विचारलं, "त्या सबनीसांत आहे तरी काय?"

"काही नाही."

"मग?"

"तेच."

यावर काय बोलणार? मी घरापर्यंत त्यावर बोलत राहिलो.

पुढच्या केळवणांना मी पाळत ठेवली. बायकोवर ठेवण्यासारखं काही नव्हतं, ती इंगवल्यांच्या बायकांत बसलेली असे. सबनीसांचं वागणं मात्र संशयास्पद होतं. एकदा मी मुद्दाम वृषालीपासून उठून हॉलच्या दुसऱ्या टोकाला, पुरुषमंडळींत जाऊन बसलो आणि तिथून दोघांवर नजर ठेवली. सबनीस उठले, खुर्ची उचलली आणि सरळ माझ्या शेजारी येऊन बसले. मी जिना चढून गच्चीवर गेलो. थोड्या वेळानं सबनीस गच्चीवर. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. नवऱ्याशी गोड राहायचं, त्याच्या नजरेसमोर राहायचं, म्हणजे शंका येत नाही. मी अशा माणसाला शब्दानं गुदमरवतो. राजकारण, उसाचा भाव, माझी ॲसिडिटी, सगळं त्याच्या कानात ओतलं. तो डोळे अर्धे मिटून, सुखात असल्यासारखा, ऐकत राहिला. निर्लज्जपणालाही सीमा असते.

आणि ती पिशवी. प्रत्येक केळवणाला सबनीस एक कापडी पिशवी घेऊन यायचे आणि तशीच परत न्यायचे. मांडीवर ठेवायचे, कधी उघडायला गेल्यासारखं करायचे, माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा मिटून घ्यायचे.

लग्नाच्या दिवशी सकाळी मंगल कार्यालयात त्यांनी ती खुर्चीवर ठेवली आणि ते हात धुवायला गेले. मी पिशवीत डोकावलो. डोकावणं वाईट, पण विम्याच्या धंद्यात कपाटात काय आहे ते बघून माणसाची पत ठरवायची सवय लागते. आत एक नारळ होता आणि खाली पातळ कागदात नीट घडी घालून ठेवलेलं तलम, डाळिंबी रंगाचं काहीतरी. साडी. माझ्या मुलीच्या लग्नात, माझ्या बायकोची ओटी!

सबनीस परत आले तेव्हा माझा आवाज मधासारखा होता. म्हणालो, "केदारराव, एक काम कराल? मिरज स्टेशनवर आमच्या शालनमावशी उतरतायत. म्हाताऱ्या आहेत, त्यांना घेऊन या. तुमच्याशिवाय कुणावर सोपवू?" शालनमावशी नागपूरला होत्या आणि त्यांचे पाय सुजले होते. सबनीसांच्या तोंडावर कसलीशी भीती येऊन गेली. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि अर्थात मिटलं. पिशवी घेऊन ते गेले.

मी वृषालीच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. माझ्या जागेवर.

थोडा वेळ ती ठीक होती. ओटी भरणाऱ्या बायकांची रांग लागली होती. मग तिनं एकदा सबनीसांच्या खुर्चीकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं, आणि तो दिवा मंदावायला लागला. मी तिच्या वाटचं बोलायला लागलो. प्रत्येक बाईशी बोललो. एकीला चुकून तिच्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोच्या नावानं हाक मारली. वृषालीनं हातातलं तबक कुणाकडे तरी दिलं आणि ती निघून गेली. रूपालीताई तिच्या पाठमोऱ्या साडीकडे बघत होत्या, आणि बोहल्यावर उभी असलेली रेवाही.

ती कोठीच्या खोलीत सापडली. लाडवांच्या टोपल्या, तांदळाची पोती, आणि एका पोत्यावर भिंतीकडे तोंड करून ती. बाहेरून निरोप आला की लग्न लावणाऱ्या जोशीबाई कन्यादानासाठी मुलीच्या आईवडिलांना बोलावतायत. मी दार लावून घेतलं. मला वाटलं, सबनीसांना जमतं ते मला का जमू नये? मी शेजारच्या पोत्यावर बसलो आणि गप्प राहिलो.

हे लिहायला सोपं आहे. ओठ मिटले की आत शब्द कोंबड्यांसारखे धडपडायला लागतात. मी मुठी आवळल्या. घाम फुटला. वृषालीनं मान वळवली. तिच्या डोळ्यांत आता गर्दीची नव्हे, वेगळीच धास्ती होती.

"छातीत दुखतंय का?"

मी मान हलवली.

"डावा हात?" तिनं माझं मनगट धरलं. "अहो, नाडी किती धावतेय. काहीतरी बोला हो."

मग मी बोललो. सबनीसांना मीच पाठवलं, मावशी यायच्याच नाहीत, पिशवीत तुझ्यासाठी साडी आहे, आणि इतक्या वर्षांची छत्री काढून तू एका माफलरखाली जाऊन उभी राहिलीस. सगळं बोललो. मला वाटलं ती रागावेल. तिनं माझं मनगट सोडलं.

"गाडीत बघा," ती म्हणाली. "काचा वर करून बसले असतील."

"ते मिरजेला गेलेत."

"नाही गेले. मला माहीत आहे."

कार्यालयाच्या मागे कडुनिंबाखाली त्यांची गाडी होती. काचा वर. आत सबनीस, घामानं भिजलेले, पिशवी मांडीवर. माफलर त्यांनी सोडला होता. त्यांच्या कानामागे एक मणी चमकत होता.

मी काचेवर टकटक केलं. काच चार बोटं खाली आली.

"तगारे, रागावू नका," ते म्हणाले. "मी निघालो होतो. पण स्टेशनवर तुम्ही नसता."

मला काही उमगेना. त्यांनी कानामागे हात नेला, तिथेच ठेवला, आणि मला त्यांच्या तोंडून इतकी वाक्यं एका वेळी पहिल्यांदा ऐकायला मिळाली. वहिनींचा खांब होण्याला नाही म्हणवलं नाही. पण गर्दीत बसायचं म्हणजे त्यांचाच जीव जायचा, आणि खांबच थरथरला तर वरचं छप्पर कसं टिकणार? म्हणून पहिल्या केळवणाआधी ते एकटेच अन्वीकडे गेले. तिच्याकडच्या साठ्यात एकच लय त्यांना जुळली.

"तुम्ही बोलत असलात की मला कुणी काही विचारत नाही," सबनीस म्हणाले. "तुमचा आवाज चालू असला की विहिरीवर मोटार चालू असल्यासारखं वाटतं. तिथे मला झोप छान लागायची."

त्यांनी काचेच्या फटीतून पिशवी माझ्याकडे सरकवायचा प्रयत्न केला. नारळ अडकला. मग त्यांनी दार उघडलं. "रीत आहे ना, शाल-नारळ देऊन स्वतः सांगायचं. दर वेळी आणतोय. तुम्ही बोलायचं थांबलात की सांगायचं, असं ठरवलं होतं."

ते तलम, डाळिंबी काहीतरी म्हणजे साडी नव्हती, शाल होती. मी ती शाल अंगावर घेऊन एप्रिलच्या उन्हात उभा राहिलो. माझ्या डोळ्यांसमोरून आळूवड्यांचं ते ताट गेलं. ज्या माणसाचा मी मत्सर केला, तो माझ्याच जिवावर उभा होता. मी त्याला शब्दांनी गुदमरवत होतो आणि तो त्यावरच जगत होता. माणसाचा इतका अपमान आणि इतका गौरव एकाच वेळी क्वचित होतो.

दोघं कोठीत आलो. मी वृषालीला सगळं सांगितलं, थोडक्यात सांगितलं, म्हणजे जोशीबाईंचे आणखी दोन निरोप येईपर्यंत. ती ऐकत होती. मग उठून तिनं शालीचा काठ चिमटीत धरून पाहिला.

"मऊ आहे," ती म्हणाली. शेजारणीच्या नव्या पैठणीला बायका छान म्हणतात, तो आवाज. मग सबनीसांकडे वळून, "यांचं बोलणं ऐकून तुम्हाला बरं वाटतं?"

"झोप येते," सबनीस प्रामाणिकपणे म्हणाले.

वृषालीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला माझ्यावरून जळताना मी आजवर पाहिलं नव्हतं. मला ते इतकं आवडलं की मी बोलायचं विसरलो.

"त्यांना झोप येणारच," ती मला म्हणाली. "ते तुमचं वाक्य नुसतं ऐकतात. मला ते कुठे जाऊन आदळणार, कोण दुखावणार, ते आधी बघून ठेवावं लागतं. समोरच्याचे अंदाज ती ओसरी सोडायला लावते. तुमचे नाही सोडता येत मला." आणि शालीचा काठ माझ्या खांद्यावर सरळ करत म्हणाली, "सोडायचेही नाहीत."

मंडपात आम्ही पाटावर बसलो. सबनीस मागे, फुलं लावलेल्या खांबाला टेकून. वृषालीचा चेहरा निवळला होता. तिनं रूपालीताईंकडे बघून मान हलवली आणि त्यांनी लगेच हलवली. रेवानं माझ्या ओंजळीखाली ओंजळ धरली, जावयानं तिच्याखाली. वृषालीनं पाण्याचा तांब्या उचलला. जोशीबाईंनी समजावलं की आईनं वडिलांच्या हातावर पाण्याची धार धरायची, धार मधे तुटू द्यायची नाही, आणि ती संपेपर्यंत वडिलांनी एक शब्द बोलायचा नाही.

मी ओठ मिटले. आत कोंबड्या उठल्या. नाडी निघाली. मागे सबनीसांनी माफलर घट्ट केल्याचं मला न बघता कळलं, आणि वृषालीच्या हातातला तांब्या थरथरायला लागला. सगळा हॉल बघत होता. इंगवल्यांचे मित्र आणि मित्रांचे चुलतेसुद्धा. रेवा आईच्या हाताकडे बघत होती.

वृषालीनं तांब्या खाली ठेवला. मला वाटलं, ही उठली. तिनं कानामागे हात नेला, मणी काढला आणि अक्षतांच्या तबकात ठेवला.

"श्वास घ्या," ती म्हणाली. हळू नाही. शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा, इस्पितळातल्या आवाजात. मी घेतला. शेजारी जावयानंही घेतला. "धरा. सोडा."

मग ती जोशीबाईंकडे वळली. "यांना बोलू द्या. हे गप्प बसले तर पाणी सांडेल."

जोशीबाईंनी सबंध आयुष्यात असं काही ऐकलं नसावं. वृषालीनं तांब्या पुन्हा उचलला.

"आता बोला," ती मला म्हणाली. "पण मागे बघून नाही. माझ्याकडे बघून."

"तुला भार होईल," मी म्हणालो.

"होऊ दे."

मी बोलायला लागलो आणि धार सुरू झाली.